पाण्याखालचा बांध

माझे घरमालक उन्हाळ्यात रोज सकाळी न्याहारी आटोपून शेतात जात, आणि ते शेत धरणाच्या पाण्याखाली होते.

हे मी ज्यांना ज्यांना सांगितले, ते आधी हसले आणि मग आवाज उतरवून त्यांनी विचारले, की गृहस्थांची मनःस्थिती ठीक होती ना. ठीक होती. इतकी ठीक होती, की त्यांच्या सहवासात महिनाभर काढल्यावर मलाच कोरड्या जमिनीवरची शेती जराशी चमत्कारिक वाटू लागली.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नवाकोरा प्राथमिक शिक्षक. मूळचा धुळे जिल्ह्यातला, शिरपूरकडचा. पहिली नेमणूक यावल तालुक्यात, तापीवरच्या धरणामुळे उठून उंचावर वसलेल्या एका गावात झाली. नव्या गावठाणात रस्ते सरळ होते, घरे एका मापाची होती आणि माणसे अजूनही चुकून दुसऱ्याच्या ओट्यावर चढत. तिथे ज्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली, त्यांना सारे गाव आबा म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. माझ्या बोलण्यातला ‘शे’, म्हणजे ‘आहे’, त्यांना फार आवडे. मी दारात दिसलो की “काय शे, मास्तर?” असे माझ्याच बोलीत विचारून ते स्वतःच्या विनोदावर खांदे हलवून हसत. मी तिथे होतो तितक्या वर्षांत तो विनोद त्यांना एकदाही जुना वाटला नाही.

शेतात जाण्याचे त्यांचे वाहन म्हणजे एक खाट. ट्रकच्या चार ट्यूबा हवा भरून खाटेच्या चार पायांशी करकचून बांधलेल्या. उशाकडे छत्री रोवलेली, पायथ्याशी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा तांब्या, आणि मध्ये पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी अशा वेशात मांडी घालून बसलेले आबा, हातात लांब बांबू. काठावरून पाहणाऱ्याला वाटे, एखादा सद्गृहस्थ अंगणात झोपलेला असताना पुरात खाटेसकट वाहत आला आहे आणि ही गोष्ट त्याला अजून कोणी सांगितलेली नाही.

शाळेला सुट्टी लागली की मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. पहिल्या दिवशी त्यांनी मला पाणी शिकवले. जुन्या गावातल्या मारुतीच्या देवळाचा कळस मे महिन्यात पाण्याबाहेर डोकावे. तो कळस आणि मागे सातपुड्याचा एक ठरावीक सुळका एका रेषेत आले, की खाली आबांचे वावर सुरू होई. तिथून ते बोटाने दाखवीत चालत: हा पपईचा तुकडा, हा गोठा, ही केळीची बाग, ही विहीर. मला सगळीकडे सारखेच हिरवट पाणी दिसे. ते मात्र गोठ्यावरून खाट नेताना न चुकता डोके खाली घालत, कारण गोठ्याचे दार बुटके होते.

त्यांचा गळ नेहमी विहिरीवर पडे. गळाला लावायला कळण्याचे, म्हणजे ज्वारी-उडदाचे, पीठ आणि पिकलेले केळे यांचा गोळा. गांडूळ लावणाऱ्यांची त्यांना कीव येई. “हे मासे केयीच्या बागेत वाढेल हायेत,” ते मला समजावीत. “यांच्या तोंडाची चव मले ठाव हाये.” आणि आश्चर्य असे, की कटला, मरळ, कधी हातभर वाम त्यांच्या त्या गोळ्याला लागत. मासा लागला असे ते कधी म्हणत नसत. “यंदा विहिरीजवळ पीक बरं हाये,” म्हणत.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे काहीच समजणार नाही. नव्या गावातले जे कोणी गळ टाकायला जात, ते सगळेच थोड्याफार प्रमाणात जुन्या वावरांच्या हद्दी पाण्यावर पाळत. मासा ज्याच्या वावरावर सापडेल, त्याचा त्यात वाटा. बहुतेक जण हे हसण्यावारी पाळत. कोणी दुसऱ्याच्या वावरात गळ टाकला तर ‘आमच्या कपाशीत शिरला काय रे’ अशी थट्टा होई, आणि संध्याकाळी अर्धा मासा पोचता होई. आबांना मात्र यात थट्टा दिसत नसे. दुसऱ्याच्या पाण्यात ते विचारल्याशिवाय शिरत नसत. एकदा वाऱ्याने खाट एका ओळखीच्या माणसाच्या तुरीत ढकलली, तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन ते सांगून आले. तो बिचारा जेवत होता. त्याने हात तसाच धरून सगळे ऐकून घेतले आणि काही नुकसान झाले नसल्याचे सांगितले.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर मजाच असे. आमच्या खानदेशात शेतीचे वर्ष आखाजीपासून सुरू होते, त्या दिवशी वावरात पाऊल पडलेच पाहिजे. आबा विहिरीवर नारळ फोडून तो पाण्यात सोडत, मग बांबू तळाशी टेकवून खाटेवरूनच त्याची लांब रेघ ओढत. ते नांगराचे पहिले तास. मी मागे बसून ट्यूबा धरून ठेवी. तास वाकडे गेले, की ते मला बोलत. मी बैलाच्या जागी होतो.

घरी त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, माळकरी. त्यांच्या चुलीला मासा चालत नसे. म्हणून मी काठावर तीन दगड मांडून मासा शिजवी. मीठ, तिखट, तेल एका पिशवीत माझ्याजवळ असे. आबा जेवत, सात चुळा भरत, आणि परतीच्या वाटेवर अक्कांना वास येऊ नये म्हणून एक सबंध कच्ची कैरी करकरा चावत घर गाठत. अक्का तांदूळ निवडताना मान वर न करता म्हणत, “आज बी वावरात कैऱ्याच पिकल्या वाटते.” आबा गंभीरपणे हो म्हणत.

या आनंदी माणसाच्या आयुष्यात एकच जागा होती, जिथे ते हसत नसत. त्यांच्या वावराच्या काठाकडच्या बाजूला त्यांच्या चुलत भावाचे वावर. त्या भावाला गाव नाना म्हणे. दोघांमध्ये एक बांध, आणि त्या बांधावरून चौदा वर्षे अबोला. बांध कोणी कोरला, हा वाद. आबा म्हणत नानाने, नाना म्हणत आबाने. धरण आले, बांध बुडाला, आता तो कोणालाही कोरणे शक्य नव्हते, पण भांडणाला पाणी लागले नाही. वर दैवाची थट्टा अशी, की नव्या गावठाणात दोघांना शेजारचेच प्लॉट मिळाले. भिंतीला भिंत. पलीकडे नाना शिंकले, की इकडे आबांचा घास क्षणभर थांबे. बस्स, तेवढाच संबंध.

नानाही गळ टाकत. त्यांचे वावर चढावर असल्याने उन्हाळ्यात त्याचा एक कोपरा पाण्याबाहेर उघडा पडे. तिथे छत्री रोवून ते बसत. इकडे विहिरीवर खाट, तिकडे काठावर छत्री. मध्ये पाण्याखाली बांध. दोघे एकमेकांकडे पाठ करून बसत. आबांची खाट वाऱ्याने फिरे, तेव्हा पाठ करून राहण्यासाठी त्यांना दिवसभर खाटेवर गोल गोल सरकावे लागे.

ज्या दिवसाविषयी मला मुख्यतः सांगायचे आहे, तो आखाजीच्या नंतरचा दिवस. त्या वर्षी पाणी फार उतरले होते. विहिरीच्या थारोळ्याचे, म्हणजे मोटेच्या कुंडाचे, दगड हाताला लागतील इतके वर आले होते. आम्ही पुरणाने जड होऊन बसलो होतो. तंगूस, म्हणजे गळाची जाड दोरी, आबांनी नेहमीप्रमाणे खाटेच्या पायाला बांधून ठेवली होती. एकाएकी खाट चालू लागली.

मी बांबूकडे पाहिले. तो आडवा पडला होता. खाट तरीही चालली होती, ठाम, एखाद्या कामाला निघाल्यासारखी. आबा एका हाताने टोपी आणि दुसऱ्याने खाटेची दावण, म्हणजे पायथ्याची दोरी, धरून पुढे वाकले आणि वाटेत लागणाऱ्या जागांची नावे मला सांगू लागले. “केयीतून चालला, मास्तर. आता पपई. आता गोठ्यात शिरला.” आणि त्याही गडबडीत त्यांनी डोके खाली घातले. मीही घातले. एकदा तो मासा पाण्यावर आला; पाठ खाटेच्या निम्म्याइतकी असेल. तसा कटला मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. मला हसू येत होते, भीती वाटत होती, आणि पोटात भूक उसळत होती. आमची मिरवणूक थेट नानांच्या छत्रीच्या दिशेने निघाली होती.

मग आबांनी बांबू उचलून खाली रोवला. तो भसकन खोल जाण्याऐवजी कमरेइतक्या पाण्यातच टेकला. बांध आला होता. सगळा भार त्या बांबूवर टाकून त्यांनी खाट थांबवली. मासा पलीकडे, नानांच्या वावरात, बुडालेल्या बाभळीच्या खोडांशी जाऊन दडला. तंगूस बांधावरून ताणून उभी राहिली.

मी म्हणालो, आबा, चला. ते म्हणाले, तिथे नानाचे वावर लागते. मी म्हणालो, मासा आपल्या विहिरीतला आहे. ते म्हणाले, हाये, पण उभा कोठे हाये? आणि कमरेचा चाकू काढून त्यांनी त्या दोरीवर धरला. “तुमी जा, इचारा,” ते म्हणाले. “मी नही बोलत त्याच्याशी. तो व्हय म्हनला तं ओढू. नही म्हनला तं कापतो.”

मी खाटेवरून उतरलो. पायाखाली बांध लागला. कमरेभर पाण्यातून, पुढे गुडघाभर, मग पोटरीभर, मी त्या बांधावरून चालत काठाला लागलो. चौदा वर्षांत त्यावरून इकडून तिकडे गेलेला पहिला माणूस मीच असेन.

नानांनी सगळे पाहिलेच होते. मी निरोप सांगितला. त्यांनी छत्री थोडी मागे कलती केली. बारीक, काटक माणूस, डोळे आबांचेच.

“त्याचं तोंड कोठी भाड्यानं गेलं काय?” त्यांनी विचारले. मग ते माझ्याकडे न पाहता, पाण्याकडे पाहत म्हणाले, “त्याले सांगा, सोता येऊन इचार. चौदा वर्सं झाली, मी वाट पाहून राह्यलो. एकडाव इचारू दे, मंग मासा काय, सारं वावर घेऊन जा म्हना.”

मी परत निघालो. त्या पन्नास-साठ पावलांत मी काय विचार केला, हे मी पुढे स्वतःला अनेकदा विचारले आहे. आबा विचारायला येणार नाहीत, तंगूस कापतील, हे मला दिसत होते. दोन भावांच्या अबोल्याची मला कणव आली, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. पण खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांपुढे भाऊ नव्हते, मासा होता. पिशवीत तिखट होते. मला तो मासा हवा होता, आणि गावाला सांगायला गोष्ट हवी होती. खाटेपाशी पोचल्यावर मी म्हणालो, “नाना म्हणाले, घेऊन जा.”

आबांनी चाकू मिटला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. परक्याच्या वावरात पाऊल टाकताना ते असे करीत. आणि त्यांनी बांबू उचलला. खाट बांधावरून पलीकडे गेली.

तिकडे काठावर नाना उभे राहिलेले मी पाहिले. त्यांना काय दिसले असेल, हे मला तत्क्षणी उमगले आणि पाण्यातही घाम फुटला. त्यांना दिसले, की आपण निरोप धाडला, आणि चौदा वर्षे ताठ राहिलेला भाऊ हातात टोपी घेऊन स्वतः विचारायला येत आहे. छत्री तशीच सोडून नाना धोतरासकट पाण्यात शिरले. आणि आबांना दिसले, की ज्याने ‘घेऊन जा’ म्हटले, तो आता हात लावायलाही येत आहे. दोघेही भराभर एकमेकांकडे येऊ लागले. मध्ये मी, दोन्ही निरोप पोटात घेऊन.

छातीभर पाण्यात ते समोरासमोर आले. आता एक जण विचारेल, दुसरा उत्तर देईल, आणि माझे पितळ उघडे पडेल.

आबा म्हणाले, “मोठा हाये रे, नाना.”

नाना म्हणाले, “दिसते.”

एवढेच. मग दोघांनी मिळून तंगूस धरली. खाटेवरून उतरलेले आबा, छत्रीखालून निघालेले नाना, दोघांची मिळून वये सव्वाशेच्या पुढे, आणि पलीकडे तो मासा. ओढ, सोड, बाभळीला गुंडाळली, अरे डावीकडे, अरे तुह्या डावीकडे. नाना एकदा पूर्ण बुडाले आणि वर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर आबांची टोपी होती, ती तिथे कशी गेली हे अद्याप कोणाला माहीत नाही. शेवटी तंगूस तुटली. दोघे एकदम मागे पडले. पाण्यातून वर आले, एकमेकांकडे पाहिले, आणि हसत सुटले. मी अशी हसणारी म्हातारी माणसे पुन्हा पाहिली नाहीत. ते हसताना रडतही होते, पण सगळेच ओले असल्याने त्याची वाच्यता झाली नाही.

“गेला तो तुह्या वावरातून,” आबा म्हणाले.

“आल्ता तुह्याच विहिरीतून,” नाना म्हणाले.

तिखटमिठाची पिशवी तशीच परत आली. संध्याकाळी अक्कांनी भिंतीवरून पलीकडे कळण्याची भाकरी आणि भरीत दिले. पलीकडून वाटी रिकामी आली नाही, लोणच्याने भरून आली. कैरीचा वास न येणारे आबा त्या दिवशी प्रथमच घरी आले होते, हेही अक्कांनी टिपले.

पुढचे उन्हाळे दोघे भाऊ एकाच खाटेवर बसून घालवू लागले आणि मी त्यांच्यामध्ये. माझे तिथे बसणे निर्हेतुक नव्हते. त्या दोघांनी तो दिवस आठवायला घेतला, की माझे खोटे उघडे पडायची वेळ येई. “त्या दिवशी तू मास्तराले जे म्हनला ना,” असे आबांनी सुरू केले, की मी काहीतरी पाण्यात पाडी. एकदा डबा पाडला. एकदा चप्पल. एकदा हाताशी काहीच नव्हते, तेव्हा मी स्वतः पडलो. आबांनी मला बांबूने ओढून घेतले आणि शिरपूरकडच्या लोकांना खाटेवर नीट बसता येत नाही, असा निष्कर्ष काढला. अक्का एकदा ओले कपडे वाळत टाकताना म्हणाल्या, “मास्तर, तुमी आजकाल पान्यात लय पडता.” मी मान खाली घातली.

गावात मात्र माझा लौकिक झाला. मास्तराने बोलणी करून भावांना एक केले, असे लोक सांगत. मी ते नाकारले नाही. खरे सांगितले तर त्यांचे मन मोडेल, असे मी स्वतःला बजावी; पण जपत होतो ते माझे नाव. पुढे माझी बदली चोपड्याला झाली. निघताना आबा एसटीपर्यंत आले. सांगायचे ते ओठांवर आले होते. त्यांनी खिडकीतून “काय शे?” म्हणून विचारले, आणि मी “काही नही” म्हणालो.

काही वर्षांनी, हिवाळ्याच्या शेवटी, आबा गेले. मला कळायला उशीर झाला. मे महिन्यात गेलो, तेव्हा नाना ओट्यावर ट्यूबांना पंक्चर लावीत बसले होते. मला पाहून म्हणाले, “चला, वावरात जाऊ.”

खाट नानांच्या पाण्यात होती, बांध अजून पुढे होता, तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. आबांनी काय म्हटले होते, त्यांनी काय म्हटले होते, आणि मी मध्ये काय केले. माझ्या पिशवीतल्या तिखटासकट सांगितले. नानांनी बांबू आडवा ठेवला.

“म्हंजे तो इचाराले आलाच नव्हता.”

“नाही.”

“अन् मी त्याले व्हय म्हनलोच नव्हतो.” त्यांनी कळसाकडे पाहिले, सुळक्याकडे पाहिले. “न इचारता, न सांगता बसलो आमी एका खाटीवर इतकी वर्सं.” ते रागावतील म्हणून मी मान घालून बसलो होतो. त्यांनी बांबू उचलला आणि दोन-चार रेट्यांत खाट पुढे नेली. बांबू उथळ टेकला. नानांनी खाट थांबवली, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि समोरच्या पाण्याकडे पाहून, भिंतीपलीकडच्या माणसाला विचारावे तशा आवाजात विचारले, “आबा, येऊ का रे?”

पाणी स्वस्थ होते. दूर कळसावर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

मग नाना माझ्याकडे वळले. “मास्तर, काय म्हनला तो?”

ते थट्टा करीत नव्हते. मी त्या पाण्याकडे पाहिले. पपई, गोठा, केळी, विहीर. ‘या म्हणाले’ हे शब्द जिभेवर तयार होते, आणि या वेळी त्यात माझा काही लाभही नव्हता.

“काही बोलले नाहीत, नाना,” मी म्हणालो.

नानांनी मान डोलावली. “मंग थांबू,” ते म्हणाले, आणि बांबू खाटेवर ठेवून मांडी घालून बसले. मीही बसलो. दुपारचा पश्चिमेचा वारा निघाला. खाट हळूहळू हलली, फिरली, आणि बांधावरून पलीकडे निघाली. गोठा आला तेव्हा आम्ही दोघांनी डोकी खाली घातली, पण बांबूला कोणीही हात लावला नाही.